शेवंतीबाईंची ओळख गुप्त राहावी म्हणून

आमच्या महाविद्यालयात संशोधन नैतिकता समिती स्थापन झाली, त्याला तसेच गंभीर कारण होते. मूल्यांकनासाठी बाहेरून पथक यायचे होते आणि त्यांच्या तपासणीच्या तक्त्यात ‘संशोधन नैतिकता समिती कार्यरत आहे काय?’ असा एक रकाना होता. समिती नसताना ‘आहे’ लिहिणे नैतिकतेला धरून झाले नसते. म्हणून पथक येण्याच्या आदल्या दिवशी समिती स्थापन करण्यात आली आणि तिच्या मागील काही वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते त्याच दुपारी लिहून काढण्यात आली. मी समाजशास्त्राचा प्राध्यापक, शिवाय माझे अक्षर बरे. तेव्हा सदस्य सचिवपद माझ्याकडे आले. इतिवृत्ते जुनी दिसावीत म्हणून मी ती चहाच्या कपाखाली ठेवून थोडी डागाळूनही घेतली होती.

पथक खूश होऊन गेले, समिती मात्र मागे राहिली. प्राचार्य तिचे अध्यक्ष. मानसशास्त्राच्या स्वप्ना मॅडम तज्ज्ञ सदस्य. शिवाय संशोधनाशी संबंध नसलेली, सर्वसामान्य जनतेच्या बाजूने बोलणारी एक व्यक्ती नियमाप्रमाणे लागते. त्या जागी प्राचार्यांच्या मेहुणी योगिनी मॅडम होत्या. त्या घोडबंदर रोडला एका टॉवरच्या एकतिसाव्या मजल्यावर राहतात आणि सर्वसामान्य जनता त्यांना वरून चांगली दिसते. बैठकांना त्या वाहतूक कोंडीत अडकलेल्या गाडीतून मोबाइलवर हजर राहत. बैठक संपायची तरी गाडी तिथेच असायची.

काम मात्र काही नव्हते. आमच्याकडचे संशोधन बहुधा दुसऱ्याच्या संशोधनावरून होत असल्यामुळे त्यात जिवंत माणसाला त्रास होण्याची सोयच नव्हती. आम्ही दर महिन्याला जमत होतो, बटाटेवडे खात होतो आणि नैतिकतेचे एकही प्रकरण न आल्याबद्दल समाधान नोंदवत होतो. अशात शेवंतीबाई आल्या.

शेवंती हे अर्थातच मी दिलेले टोपणनाव. त्यांचे खरे नाव नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आले असून आता ते मलाही आठवत नाही. खाडीकाठच्या एका कोळीवाडीत त्या राहतात. वाडीपुढे एक मोकळी जागा होती. तिथे कोळी होड्या ओढून ठेवत, जाळी पसरत, मासळी वाळत घालत. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले होते. ‘खाडीकिनारा सौंदर्यवर्धन मंडळ’ नावाच्या नव्या सरकारी संस्थेला ही जागा एके दिवशी पडीक आढळली. तिथे लाकडी फळ्यांचा फिरायचा रस्ता, कारंजे आणि फोटो काढण्याचा कट्टा करायचे ठरले. मंडळाने रीतसर हरकती व सूचना मागवल्या. अट एकच होती: या जागेवर कोणाचे पोट चालते असे म्हणायचे असल्यास मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थेचा अभ्यास हरकतीला जोडावा. नुसते पोट दाखवून भागणार नव्हते.

शेवंतीबाईंनी ती जाहीर सूचना लेकीकडून वाचून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी, मासळी विकून झाल्यावर, रिकामी टोपली काखेत मारून त्या आमच्या फाटकाशी आल्या. रखवालदाराने काय पाहिजे म्हणून विचारले. अभ्यास पाहिजे, म्हणाल्या. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्या रखवालदाराने फाटकावर अशी मागणी ऐकलेली नव्हती. त्याने त्यांना ग्रंथालयाकडे पाठवले.

ग्रंथालयात प्रियांका बसली होती. ही मोहने गावातली मुलगी, माझीच पीएच.डी.ची विद्यार्थिनी. हुशार आहे, पण वरिष्ठांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबण्याची तिला सवय नाही. विषय मिळत नाही म्हणून ती हैराण झाली होती, आणि विषय आपल्या पायांनी चालत येऊन तिच्या समोरच्या खुर्चीत बसला. त्याच संध्याकाळी ती वाडीत गेली. आठवड्याभरात प्रस्ताव माझ्या टेबलावर होता: खाडीकाठच्या मासेमारी कुटुंबांचे जीवन आणि उपजीविका. हरकतींची मुदत संपायच्या आत अहवाल मंडळाकडे पोहोचला तर वाडीपुढची जागा वाचणार होती. नाही पोहोचला, तर नाही.

समितीत उत्साहाचे वातावरण पसरले. पहिले खरे प्रकरण. प्राचार्यांनी वड्यांबरोबर जिलबीही मागवली.

स्वप्ना मॅडमनी सुरुवातीलाच लक्षात आणून दिले की हे लोक ‘असुरक्षित गट’ या सदरात मोडतात. असुरक्षित गटाला संरक्षण द्यावे लागते. कोणापासून, हा प्रश्न निघाला. मंडळापासून देणे आमच्या अधिकारात नव्हते. उरली प्रियांका. तेव्हा वाडीला प्रियांकापासून संरक्षण द्यावे, असे एकमताने ठरले.

प्रियांकाला बोलावून घेतले. सहभागी व्यक्तींवर अभ्यासासाठी दबाव आला नाही ना, असे मी तिला विचारले.

“दबाव? सर, मावशी स्वतः आलेली इकडे. मी विषय शोधत बसलेले, तिनेच मला पकडलं.”

“म्हणजे ती अभ्यासासाठी उत्सुक आहे?”

“उत्सुक म्हणजे काय, रोज फोन करते. कधी येतेस, कधी लिहितेस.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सहभाग स्वेच्छेने असावा असे नियम सांगतो, पण इतकी स्वेच्छा निकोप असू शकत नाही. जिला अभ्यासातून काही मिळवायचे आहे तिची संमती स्वार्थाने दूषित झालेली असते, असे स्वप्ना मॅडमचे मत पडले. ज्यांना अभ्यासात रस नाही अशीच माणसे निवडावीत, म्हणजे संमती शुद्ध राहील, अशी सूचना आली. प्रियांका म्हणाली की रस नसलेली माणसे संमती देत नाहीत. तिच्या या उद्धट स्वराची नोंद घेण्यात आली. मधल्या मार्गाने शेवंतीबाईंना ठेवून घेतले, मात्र संमतीपत्र मजबूत करायचे ठरले.

ते काम योगिनी मॅडमनी अंगावर घेतले. आयुष्यात त्यांनी विचारपूर्वक दिलेली संमती एकच होती, ती त्यांच्या फ्लॅटच्या करारनाम्यावरची. म्हणून त्यांनी तोच नमुना घेतला आणि ‘सदनिकाधारक’ जिथे जिथे होते तिथे ‘सहभागी’ घातले. मूळ प्रस्ताव चार पानांचा आणि संमतीपत्र चाळीस पानांचे, असे नाकापेक्षा मोती जड प्रकरण तयार झाले. त्यात सहभागीने दर्शनी भागात कोणतीही वस्तू वाळत घालू नये असे एक कलम राहून गेले होते. ते आम्हा कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण ते आम्ही कोणीच वाचले नव्हते.

शेवंतीबाईंनीही वाचले नाही. पहिल्या पानावर त्यांनी लफ्फेदार सही ठोकली आणि आता लिहायला बस म्हणून प्रियांकाला सांगितले. त्यांना आपल्या सहीचा अभिमान आहे. तथापि न वाचता दिलेली संमती ही माहितीपूर्ण संमती नव्हे, असे आम्ही कळवले. त्यामुळे प्रियांकाने वाडीतल्या बायकांना एकत्र बसवून संपूर्ण संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवले. बायका कोलंबी सोलता सोलता ऐकत होत्या. प्रतिफल, परिशिष्ट, पश्चात-दायित्व हे शब्द येऊ लागले तशा एकेक पेंगू लागल्या. पेंगताना हललेली मान ही संमती धरावी की नाही, यावर आमची एक संपूर्ण बैठक झाली. धरू नये असे ठरले.

मग आकलन चाचणी आली. संमतीपत्र समजले आहे याचा पुरावा नको का? चाचणीतला पहिला प्रश्न होता: ‘संशोधनातून केव्हाही माघार घेण्याचा हक्क’ म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत सांगा. शेवंतीबाईंचे उत्तर प्रियांकाने जसेच्या तसे उतरवून आणले होते: “माघार घ्यायची तं मी कॉलेजपावत आली कनाला असती?” या उत्तरातून हक्काचे आकलन दिसत नसल्याने शून्य गुण देणे भाग पडले. शेवंतीबाईंना एटीकेटी मिळाली. वाडीत त्यांच्या जावेला पस्तीस गुण पडले, त्यामुळे दोघींमध्ये काही काळ अबोला होता असे समजते. अभ्यासामुळे समाजात तेढ निर्माण होऊ शकते ही समितीची भीती खरी ठरली.

मध्यंतरी चिंबोरीचे प्रकरण उद्भवले. प्रियांकाने आपल्या टिपणात प्रामाणिकपणे लिहिले होते की मुलाखतीच्या दिवशी शेवंतीबाईंनी तिला चिंबोरीचे, म्हणजे खेकड्याचे, कालवण आणि तांदळाची भाकरी खायला घातली. संशोधकाने सहभागीला आमिष दाखवू नये असा नियम आहे. इथे सहभागीनेच संशोधकाला दाखवले होते आणि संशोधकाने ते चाटून पुसून खाल्ले होते. आमिषाची तीव्रता ठरवायची तर नमुना तपासणे आवश्यक होते. निरोप गेला, आणि शेवंतीबाईंनी फडक्यात बांधून एक मोठे पातेले लेकीच्या हाती पाठवून दिले. समितीने नमुन्याची सखोल तपासणी केली. एका तपासणीवरून निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध नसल्याने पुढच्या बैठकीसाठी दुसरे पातेले मागवण्यात आले. त्यानंतर, अशा अन्नाने माणसाची तटस्थता नक्कीच ढळते, सबब संशोधकाने वाडीत पाण्याशिवाय काही घेऊ नये, असा ठराव प्राचार्यांनी बोटे चाटत मांडला आणि तो मंजूर झाला.

प्रश्नावलीचे काम स्वप्ना मॅडमकडे होते. कोणत्याही प्रश्नाने सहभागीच्या मनाला ताण येऊ नये यावर त्यांचा कटाक्ष होता. खाडीत पूर्वी कोणते मासे मिळायचे, हा प्रश्न त्यांनी काढला, कारण आता मिळत नाहीत हे आठवून दुःख झाले असते. दिवसाची कमाई किती, हा काढला, कारण त्याने न्यूनगंड येतो. मुलांनी हाच धंदा करावा असे वाटते का, यात भविष्याची चिंता होती. वाडीपुढची जागा गेली तर काय कराल, हा प्रश्न तर त्यांनी वाचतानाच छातीवर हात ठेवला आणि त्यांना पाणी द्यावे लागले. शेवटी ‘आपण बऱ्या आहात ना?’ हा एक प्रश्न शिल्लक राहिला. त्याचे उत्तर देणेही ऐच्छिक ठेवण्यात आले.

प्रियांका भांडली. हरकतींची मुदत जवळ आली आहे, असे ती दर बैठकीत सांगत होती. योगिनी मॅडमनी तिला समजावले की घाई हे अनैतिकतेचे मूळ आहे. त्या वेळी त्यांची गाडी कापूरबावडीच्या नाक्यावर कोंडीत उभी होती. त्यांनीच मग वाडीच्या सोसायटीचे ना हरकत पत्र आणि सेक्रेटरीचा मोबाइल नंबर मागितला. वाडीला सोसायटी नाही आणि सेक्रेटरीही नाही, हे कळल्यावर त्यांना धक्का बसला. मग तिथे पार्किंगचे कोण बघते, असे त्यांनी विचारले.

या प्रश्नाच्या निमित्तानेच स्थळभेट ठरली. समिती एका वातानुकूलित गाडीतून वाडीत गेली. आपल्या उपस्थितीचा तिथल्या लोकांच्या नैसर्गिक वर्तनावर परिणाम होऊ नये म्हणून आम्ही काचा वर ठेवून आतच बसून राहिलो. उंटावरून शेळ्या हाकणे असे कोणी याला म्हणेल, पण गाडी उंटापेक्षा पुष्कळ बुटकी होती. निरीक्षण चांगले चालले होते. सगळी वाडी आमच्याभोवती जमा झाली होती आणि काचेला नाक लावून नैसर्गिक वर्तन करत होती. एवढ्यात एका म्हाताऱ्या कोळ्याने काचेवर टकटक केली. हा मोरू, शेवंतीबाईंचा नवरा. प्राचार्य मान हलवून नकार देत राहिले, कारण बोललो असतो तर निरीक्षण बिघडले असते. तो टकटक करत राहिला. अखेर मी बोटभर काच खाली केली.

“गारी जरा मांगं घ्या सायेब,” तो शांतपणे म्हणाला. “जाल्यावर चरलीय.”

आम्ही गाडी मागे घेतली, त्यात जाळ्याचा उरलेला भाग चाकात गुंतला. ते जाळे सोडवताना कापावे लागले. मोरू खाली बसून तुकडे गोळा करत राहिला. स्थळभेटीच्या अहवालात मी ‘समितीचे समाजाशी नाते जोडले गेले’ असे लिहिले. नुकसानीचा विषय निघाला तेव्हा, जाळे हे माणूस नसल्याने ते नैतिकता समितीच्या कक्षेत येत नाही, असे प्राचार्यांनी स्पष्ट केले.

इतके अडथळे असूनही प्रियांकाने अहवाल लिहून आणला. चांगला होता, हे मी मार्गदर्शक म्हणून मान्य करतो. कोण कोणत्या महिन्यात कोणती मासळी धरतो, ती कुठे वाळते, जागा गेली तर कोणाच्या चुली विझतील, सगळे नावानिशी होते. तेवढीच एक चूक होती. सहभागींची ओळख गुप्त राखणे हा आमच्या शास्त्राचा कणा आहे.

आम्ही कामाला लागलो. शेवंतीबाईंच्या नावाच्या जागी ‘सहभागी अ’ आले. पण वाडीचे नाव असेल तर ‘अ’ कोण ते वाडीवाले सहज ओळखतील, म्हणून वाडीचे नाव काढले. खाडी राहिली तर वाडी कळते, म्हणून खाडीच्या जागी ‘एक जलाशय’ केले. निवट्या आणि बोईट ही मासळी त्या काठावर ठरावीक लोकच धरतात, तेव्हा ‘एक जलचर’ लिहिणे सुरक्षित होते. पुढे योगिनी मॅडमच्या लक्षात आले की मासेमारी म्हटले की कोळी आलेच. ‘एक पारंपरिक व्यवसाय’ हा पर्याय त्यांचा. पहिल्या प्रकरणातले पहिले वाक्य आता असे झाले: ‘एका जलाशयाकाठी राहणारी एक व्यक्ती एक व्यवसाय करते.’ हे वाक्य जगात कोणालाही लागू पडत होते, त्यामुळे कोणालाही अपाय होण्याची शक्यता उरली नव्हती. प्राचार्यांनी ते दोनदा वाचून घेतले आणि डोळे मिटले.

प्रियांकाने एक लबाडी करून पाहिली. ऋणनिर्देशात नावे घेण्याची प्रथा आहे, तिथे तिने अख्खी वाडी घुसवली: शेवंतीबाई, मोरू, जाऊबाई, कालवण पोहोचवणारी लेक, सगळ्यांची पूर्ण नावे. ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. तिथे मी ‘सर्व सहभागींचे आभार’ एवढेच ठेवले. समितीच्या सदस्यांची नावे मात्र पदव्या आणि पदांसह राहू दिली, कारण आम्ही असुरक्षित गटात मोडत नाही.

हे शेवंतीबाईंना कळले. कोणी सांगितले हे उघड आहे. पुढच्या बैठकीत दार ढकलून त्या सरळ आत आल्या, मागे प्रियांका. टोपली त्यांनी टेबलावर, जिलबीच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी आपले संपूर्ण नाव, नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या नावासकट, खणखणीत आवाजात सांगितले आणि ते त्या पुस्तकात कुठे आहे ते दाखवा म्हणाल्या. ते नाव इतिवृत्तात नोंदवलेले नाही.

“बाई, हे तुमच्याच हितासाठी आहे,” मी म्हणालो. “तुमची ओळख कोणाला कळू नये म्हणून.”

“मना कोनापासून लपवताव, मास्तर? मी काय चोरी केलीय?”

मी त्यांना संभाव्य हानीची संकल्पना सोप्या भाषेत सांगितली. नाव छापले गेले तर पुढे कधीतरी, कोणाकडून तरी, काहीतरी त्रास होऊ शकतो. त्यांनी ऐकून घेतले. मग टोपलीवर हात ठेवून त्या हळू आवाजात बोलल्या.

“नाव नाय लिवला तं ते बोलतील तिथं कोनीच नाय. मंग जागा जाईल. ती हानी नाय?”

“आहे ना. पण ती मंडळामुळे होणारी हानी आहे. संशोधनामुळे होणारी नाही. आमच्या कक्षेत फक्त दुसरी येते.”

“आनि मीच सांगतंय, माझा नाव लिवा म्हून. मी अंगठा नाय देत, सही देतंय. तरी पन नाय?”

“तुम्हाला असं वाटणं हेच तुमच्या असुरक्षिततेचं लक्षण आहे,” स्वप्ना मॅडम मायेने म्हणाल्या.

शेवंतीबाईंनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिले. माणसाचे नाव म्हणजे त्याची जागा असते, जागा गेली की नावही जाते, असे काहीसे त्या बोलल्या. खोलीत मासळीचा वास भरून राहिला होता. मला वाईट वाटले, हे मी नाकारत नाही. पण वाईट वाटणे त्या दिवसाच्या कार्यसूचीवर नव्हते. मोबाइलवर योगिनी मॅडम कोण आले आहे ते विचारत होत्या. प्रियांकाने टोपली उचलली आणि शेवंतीबाईंचा हात धरून ती त्यांना बाहेर घेऊन गेली.

अहवाल मुदतीच्या शेवटच्या दिवशी मंडळाकडे रवाना झाला. त्याला सगळी परिशिष्टे, चाळीस पानी संमतीपत्रासह, नीट टाचलेली होती. नैतिकतेच्या दृष्टीने इतका निर्दोष दस्तऐवज आमच्या महाविद्यालयातून याआधी बाहेर पडला नव्हता.

मंडळाचे उत्तर आश्चर्यकारक वेगाने आले. ‘आपल्या अहवालात नमूद एका जलाशयाकाठी राहणाऱ्या एका व्यक्तीच्या एका व्यवसायास प्रस्तावित प्रकल्पामुळे बाधा येत असल्याचे दिसून येत नाही. तसेच सोबतच्या संमतीपत्रान्वये संबंधितांनी दर्शनी भागात कोणतीही वस्तू वाळत न घालण्याचे स्वेच्छेने मान्य केले असल्याने सदर जागेची त्यांना आवश्यकता उरलेली नाही. अभ्यासपूर्ण सहकार्याबद्दल धन्यवाद.’ सरकारी पत्रात धन्यवाद क्वचितच येतात. प्राचार्यांनी ते पत्र चौकटीत बसवून कार्यालयात लावले.

प्रियांकाने मग स्वतःच्या नावाने, सगळ्यांची नावे आणि फोटो जोडून, वेगळी हरकत दाखल केली. मुदत टळली होती आणि कागद मान्यताप्राप्त संस्थेचा नव्हता. ती फेटाळली गेली. गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल आम्ही तिला कारणे दाखवा नोटीस दिली आहे. तिचा प्रबंध अडकून पडला. दरम्यान तिच्याच अहवालाला नैतिक संशोधनासाठीचे पारितोषिक मिळाले. ते घ्यायला ती आली नाही, म्हणून तिच्या वतीने मीच शाल पांघरून घेतली.

प्रकल्प आता पूर्ण झाला आहे आणि देखणा झाला आहे. होड्या हलवल्या, त्यातल्या बहुतेक पुन्हा पाण्यात गेल्या नाहीत. जाळी वाळत होती तिथे फळ्यांचा रस्ता आहे. कट्ट्यावर मंडळाने फायबरची एक कोळीण उभी केली आहे: काष्ट्याचे लुगडे, केसात फूल, डोक्यावर टोपली, तोंडभर हसू. चेहरा शेवंतीबाईंचा आहे असे वाडीतले लोक म्हणतात. कंत्राटदाराने मोजमापाच्या वेळी त्यांचा फोटो काढला होता म्हणे. त्यांना विचारून काढला का, हा प्रश्न उद्भवत नाही, कारण मंडळाला नैतिकता समिती नाही. खाली पाटीवर नाव लिहिलेले नाही, ‘आपली संस्कृती’ एवढेच आहे. खऱ्या शेवंतीबाई घाऊक बाजारातून आणलेली मासळी घेऊन त्याच कट्ट्याच्या कडेला बसतात. वास येतो अशा तक्रारी आल्या की मंडळाचा रखवालदार त्यांना उठवतो, मग त्या थोड्या पलीकडे जाऊन बसतात.

हे सगळे वाचून आपल्याला आमचा राग आला असेल. सुशिक्षित वाचकाला यावाच. पण श्रेय एकट्या समितीने घेणे बरोबर होणार नाही. गेल्या रविवारी आपण सहकुटुंब तिथे आला होता. मुलांनी कुल्फी खाल्ली, आणि आपण त्या फायबरच्या कोळणीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतलात. मागे खाडी छान आली होती. फक्त उजव्या कडेला टोपली पुढ्यात घेऊन बसलेली एक बाई मध्येच येत होती. ती आपण बोटाने कडा आत ओढून कापून टाकलीत, आणि मग तो फोटो सगळ्या ग्रुपांवर पाठवलात. सदर महिलेची ओळख गुप्त राखण्याच्या कामी आपण दिलेल्या या सहकार्याबद्दल समिती आपली ऋणी आहे.